तिसऱ्या गिअरचा चढ

गाडी शेडबाहेर आणून उभी केली, तशी अर्धी गल्ली टाकी बघायला जमली.

काळी कुळकुळीत टाकी. तिच्या दोन्ही अंगांनी एकेक सोनेरी रेघ. रेघ सुरू कुठे झाली आणि संपली कुठे, ते डोळ्यांना सापडत नव्हतं. समोरच्या बेकरीवाल्याने पिठाचे हात पाठीमागे बांधले आणि वाकून टाकीत स्वतःचं तोंड पाहिलं.

“दादा, घरच्या आरशातसुद्धा मी इतका बरा दिसत नाही हो.”

“त्यात आरशाचा दोष नाही,” शेजारचा शिंपी म्हणाला.

सगळे हसले. दादाही हसला. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, उजवा हात पँटच्या खिशात. अपघातानंतर बरेच दिवस तो हात गळ्यातल्या झोळीत होता. झोळी सुटली आणि हात खिशात गेला.

धाकटा गाडीच्या पलीकडे उकिडवा बसून चेनला तेल देत होता. या गाडीचं वाकलेलं हँडल त्याने सरळ केलं होतं. इंजिनाच्या उजव्या बाजूचं फुटलेलं झाकण बदललं होतं. आख्खं इंजिन खाली उतरवून, उघडून, धुऊन पुन्हा चढवलं होतं. पहिल्याच किकला ते सुरू झालं, तेव्हा त्याने हळूच मान वर करून पाहिलं. सगळे टाकीच बघत होते. इंजिनामुळे टाकी किंचित थरथरत होती. तिच्यातलं बेकरीवाल्याचं तोंडही थरथरत होतं. त्याचीच सगळ्यांना गंमत वाटत होती.

‘खिशात हात घालून उभा आहे बघा,’ धाकटा मनात म्हणाला. ‘जहागीरदार.’

तो गाडीवर बसला आणि टेकडीच्या रस्त्याला लागला.

शेडचा एक नियम होता. दोघांच्या बाबांनी घालून दिलेला. गल्लीच्या टोकाला टेकडी होती. टेकडीवर पंपघर आणि पंपघराच्या भिंतीला एक नळ. दुरुस्त झालेली प्रत्येक मोटरसायकल पंपघरापर्यंत न्यायची. पायथ्याशी तिसरा गिअर टाकायचा तो वर पोचेपर्यंत बदलायचा नाही. वर गेलं की नळाचं पाणी तोंडावर मारायचं आणि ओल्या तोंडाने खाली यायचं. गिऱ्हाईक ओलं तोंड बघायचं आणि गाडी घेऊन जायचं. दुसरी हमी कोणी मागत नसे. तोंड कोरडं असलं, तर बाबा गाडी पुन्हा आत घेत.

धाकटा दुसऱ्या वळणापर्यंत पोचला. तिथे गाडी थकली. बंद पडली नाही. ठोका चालू होता, मूठ पूर्ण पिळलेली होती, पण ओढ नव्हती. जेवण न मिळालेल्या माणसाने ओझं उचलावं तशी ती कण्हत होती. पिशवी घेऊन पायी चढणारी एक बाई त्याच्या पुढे निघून गेली. जाता जाता तिने वळून टाकीकडे पाहिलं.

तो कोरड्या तोंडाने खाली आला.

*

धाकट्याने पन्नाशी गाठली होती. कानांमागचे केस पांढरे झाले होते. तरी सगळी गल्ली त्याला धाकटाच म्हणायची. त्याची बायकोसुद्धा दुकानात ‘धाकट्यांच्या घरून आलेय’ असंच सांगायची. त्याचं हेच दुखणं होतं. स्वतःच्या नावात त्याच्या आधी दादा होता. धाकटा म्हटलं, की ऐकणारा विचारणार, कोणाचा?

शेड एकच होती. डावीकडे दादाची रंगाची खोली, उजवीकडे धाकट्याचं इंजिनाचं काम. मध्ये एक पडदा. दादा ठोकून पत्रा सरळ करायचा, पुट्टी भरायचा, घासायचा, रंगवायचा. त्याचं काम उन्हात चमकायचं. धाकट्याचं काम चार बोल्टांच्या आत बंद व्हायचं. गाडी छान दिसली की लोक म्हणायचे, दादाचा हात आहे. गाडी रस्त्यात बंद पडली की म्हणायचे, धाकट्याला बोलवा.

घरीही सुटका नव्हती. धाकट्याच्या लग्नात दादाने त्याला एक लोखंडी कपाट रंगवून दिलं होतं. दारांवर दोन पक्षी. इतक्या वर्षांत एका पक्ष्याचं पीससुद्धा उडालं नव्हतं. रोज सकाळी सदरा काढायला गेलं, की ते दोघे चोच वर करून त्याच्याकडे बघायचे. एकदा त्याने बायकोला म्हटलं, “हे कपाट जुनं झालंय. बदलू या.”

“जुनं झालंय ते कपाट नव्हे,” ती म्हणाली आणि पक्ष्यांवर फडकं फिरवून गेली.

पण या सगळ्याहून मोठं शल्य ही गाडी होती. ती बाबांची. बाबांनी शेवटच्या आजारपणात दोघांना खाटेजवळ बोलावलं. गाडीची किल्ली दादाच्या हातात दिली. धाकट्याला पान्यांची पेटी दिली. दादाला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. धाकटा त्या गाडीचा ठोका गल्लीच्या टोकावरून ओळखायचा. तरी किल्ली दादाला आणि पाने धाकट्याला. म्हणजे मिरवायचं एकाने आणि राबायचं दुसऱ्याने. धाकट्याने पेटी उचलली. पेटी जड होती, एवढंच त्याला आठवत होतं.

दादाने गाडी मात्र जपली. रोज पुसायचा, क्वचित चालवायचा. एके दिवशी टेकडीवरून उतरताना एक कुत्रं आडवं आलं. दादाने कुत्र्याला वाचवलं आणि गाडीसकट उजव्या अंगावर पडला. खांदा निखळला, मनगट मोडलं. धाकटा धावत पोचला. तो आधी दादाजवळच गेला, हे खरं. पण दादाला उठवता उठवता त्याची नजर गाडीवर होती. ती दादाने पकडली होती.

“जिवंत आहे का ती?” दादाने विचारलं होतं.

*

आता ती जिवंत होती, पण चढत नव्हती.

त्यात गल्लीच्या तोंडाशी राहणारा फर्निचरवाला दादाच्या मागे लागला. त्याच्या दुकानावर नवा मजला चढला होता. सोफ्यांच्या मधोमध, काचेच्या खोक्यात, एक जुनी मोटरसायकल ठेवायची त्याची हौस. तो टाकीवरून हात फिरवत म्हणाला, “दादा, मला इंजिनाचं काय करायचंय? माझ्याकडे तिला चालायचंच नाही. बसून राहील राणीसारखी. चाकांना हवा भरली नाही तरी चालेल.”

धाकट्याला वाटलं दादा त्याला हाकलेल. दादा म्हणाला, “रविवारपर्यंत थांबा. टेकडी चढली तर ठेवू. नाही चढली तर सोमवारी घेऊन जा. न चढणारी गाडी बाबांनी कधी दारात ठेवली नाही.”

“विकतोस?” धाकट्याने नंतर विचारलं.

“देतोय. माझ्या खांद्याला आता हे वजन पेलत नाही.”

‘मग मला दे,’ हे शब्द धाकट्याच्या जिभेवर आले. पण मागायचं कशाला? ज्याचा हक्क होता त्याने मागायचं आणि ज्याला कळत नाही त्याने द्यायचं? त्याने जीभ आत घेतली. बाबांची गाडी सोफ्यांमध्ये बसणार. लोक चपला काढून तिच्याभोवती फिरणार. आणि म्हणणार, काय टाकी आहे!

गाडी रविवारच्या आत चढायलाच हवी होती. आणि धाकट्याला आणखी एक गोष्ट हवी होती. दोष टाकीत निघायला हवा होता.

हे त्याने स्वतःला असं उघड सांगितलं नाही. पण त्याचे हात आपोआप तिकडेच गेले.

टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी वरून हवा आत यायला लागते. भोक बुजलं तर पेट्रोल अडतं आणि गाडीचा दम जातो. रंगकाम करणाऱ्याच्या हातून ते भोक बुजणं अगदी सोपं. धाकट्याने भिंग लावून पाहिलं. भोक मोकळं होतं. तरी त्याचं समाधान झालं नाही. झाकण उघडं ठेवून तो टेकडी चढला. दुसऱ्या वळणावर गाडी पुन्हा बसली. वर हिसक्यांनी पेट्रोल उडून नव्या रंगावर सांडलं ते वेगळंच. तो परत आला तेव्हा दादा पुढे आला. त्याने डाव्या हाताने सदऱ्याचं टोक धरलं आणि टाकी पुसली. उजवा हात खिशातच.

“पुसायलासुद्धा खिशातून हात निघत नाही,” धाकटा घरी बायकोला म्हणाला.

“दुखत असेल.”

“दुखायला काय झालं? रेघ बघितलीस ना? दुखणाऱ्या हाताची आहे ती?”

“अहो, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ—”

“पुढचं मला माहीत आहे.”

“माहीत असून उपयोग काय?” ती म्हणाली आणि कपाट उघडून त्याचा धुतलेला सदरा बाहेर काढला. पक्षी त्याच्या तोंडासमोरून गेले.

दुसऱ्या दिवशी त्याने टाकी उतरवली. ठोकताना आतला गंज सुटून नळीत आला असेल. टाकी उलटी केली, हलवली, पांढऱ्या कपड्यावर पेट्रोल गाळलं. कपडा स्वच्छ. मग त्याने टाकी बाजूलाच ठेवली. एका बाटलीत पेट्रोल भरलं, बाटली हँडलला टांगली, तिची नळी थेट कार्बोरेटरला जोडली आणि तसाच टेकडीवर निघाला.

बेकरीवाला दारातून ओरडला, “काय धाकटे, पेशंटला सलाईन लावलंय?”

पेशंट दुसऱ्या वळणावर बसला. टाकी निर्दोष सुटली.

मग सायलेन्सर. तोही दादानेच ठोकून सरळ केला होता. आतून चेपलेला असेल, धूर अडत असेल. धाकट्याने तो काढून उन्हाच्या दिशेने धरला. आरपार उजेड. क्लच तपासला, प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा धुतला. ही आपल्या बाजूची कामं त्याने भराभर उरकली. मग राहिलं मॅग्नेटचं टायमिंग, म्हणजे सिलिंडरात ठिणगी कधी पडावी ते. मॅग्नेटच्या चाकावर कारखान्याने एक खाच पाडलेली असते. ती इंजिनावरच्या रेघेशी जुळली की ठिणगी पडली पाहिजे. त्याने झाकण काढून बॅटरीच्या उजेडात बघितलं. खाच रेघेशी तंतोतंत जुळत होती. त्याने झाकण लावून टाकलं.

शनिवारी दुपारी त्याला हवं ते सापडलं.

इंजिनातून धुराचा जो पाइप बाहेर येतो, त्यावर दादाने अपघातानंतर बाहेरून नवा क्रोमचा मुलामा चढवून आणला होता. तो पाइप इंजिनाजवळ निळा पडला होता. निळा, मग जांभळा, मग सोनेरी.

धाकटा पडदा बाजूला सारून रंगाच्या खोलीत शिरला. दादा स्टुलावर बसला होता. वहिनी डबा घेऊन आली होती, तीही तिथेच होती. हल्ली ती डबा द्यायला यायची आणि तासन्‌तास थांबायची. तिच्या चष्म्याच्या काडीला सोनेरी रंगाचा एक ठिपका लागला होता.

“मुलामा कोणाकडून करून घेतलास?” धाकट्याने विचारलं.

“नेहमीच्याकडून. का?”

“हलका निघाला. पाइप निळा पडलाय.”

“पाइप तापला तर निळा पडतो,” दादा म्हणाला. “तूच एकदा सांगितलं होतंस.”

“माझी गाडी कधी तापत नाही.”

“मग तुझं बरोबर असेल. हलका असेल मुलामा.”

त्याचं हे असं सहज मान्य करणं धाकट्याला नाकाला मिरच्या लागल्यासारखं झोंबलं. तो भांडायला आला होता आणि समोरच्याने दारच उघडं सोडलं होतं.

“हलका असेल काय? तुझं सगळं असंच. वरून चकाचक. लोक वा वा करतात आणि आतलं मी निस्तरतो. सगळीकडे रंग सांडून ठेवतोस. हँडलच्या नटावर रंग. चेनच्या झाकणावर रंग. अरे, मॅग्नेटच्या चाकावरसुद्धा पांढऱ्या रंगाचा थेंब! रॉकेल लावून, पात्याने खरवडून काढला मी तो. इंजिनाच्या आत रंग सांडणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही.”

वहिनीने दादाकडे पाहिलं. दादा उभा राहिला होता.

“कुठे होता थेंब?”

“सांगितलं ना. मॅग्नेटच्या चाकावर.”

“झाकणाच्या आत?”

“आतच ना! चाक काय बाहेर लटकतं?”

“ते झाकण याआधी कोणी उघडलं होतं?”

“बाबांनी. त्यांच्यानंतर कोणी नाही. गरजच पडली नाही—”

धाकटा थांबला.

बाहेर बेकरीचा पत्रा खाली घासल्याचा आवाज आला. दादा हळू आवाजात म्हणाला, “मग बंद झाकणाच्या आत माझा रंग कसा सांडेल रे?”

धाकट्याला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. साधी गोष्ट होती. आठवड्यात एकदाही त्याच्या मनात आली नव्हती. पांढरा डाग दिसला आणि त्याला दादा दिसला. पुढे त्याने पाहिलंच नाही.

“तो सांडला नव्हता,” दादा म्हणाला. “मी लावला होता. या ब्रशच्या आजाने. मॅग्नेटचं मूळ चाक तुटलं होतं. बाबांनी दुसऱ्या मोटरसायकलचं चाक आणून बसवलं. त्याच्यावरची खाच त्या गाडीची. आपल्या गाडीला ती खोटी. बाबांनी बराच वेळ खटपट करून खरी जागा शोधली आणि मला हाक मारली. म्हणाले, ये रे, इथे ठिपका लाव. खाच विसर, ठिपका धर. मला एवढंच आठवतं. ठिपका, मग माझी आडवी करंगळी, मग खाच.”

“आणि मी खाच धरली,” धाकटा म्हणाला.

चाक फिरताना खाच ठिपक्याच्या नंतर रेघेशी येत होती. म्हणजे ठिणगी उशिरा पडत होती. उशिरा ठिणगी पडली की इंजिन सुरू होतं, सपाटीवर चालतंही. पण चढावर ओढत नाही, आणि भयंकर तापतं. इतकं तापतं, की पाइप निळा पडतो. पाइप त्याला ओरडून सांगत होता. त्याने ते ओरडणं दादाच्या खात्यावर टाकलं होतं.

*

रविवारी सकाळी शेडचं पुढचं दार बंद ठेवून दोघे गाडीशी बसले. खरं तर धाकट्याला आता दादाची गरज नव्हती. खाच खोटी आहे एवढं कळलं, की पुढचं त्याला येत होतं. त्याने प्लग काढून भोकात तार सोडली. चाक हाताने फिरवत पिस्टन कुठे माथ्याला लागतो ते तारेवरून जोखलं आणि मग थोडा मागे आणला. ठिणगीचे पॉइंट उघडतात ते कळावं म्हणून त्यांच्यात सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरला. कागद निसटला तिथे पॉइंट बसवले. एरवी हे काम करताना तो शीळ घालायचा. आज घातली नाही.

“बघ,” तो म्हणाला. “इथे येतं.”

दादा वाकला. खाच आणि नव्या जागेच्या मधल्या अंतरावर त्याने करंगळी आडवी ठेवली. करंगळी दोन्हीकडून थोडी बाहेर गेली.

“मोठी झाली,” दादा म्हणाला.

बाबांची जागा अचूक होती. धाकट्याला अभिमान वाटला आणि लगेच पोटात दुखलं. त्या दिवशी बाबांनी हाक मारली ती दादाला. आयुष्यभर इंजिन सांभाळलं त्याला नाही.

“लाव ठिपका,” तो म्हणाला. “तुझंच काम ते.”

दादाने पांढऱ्या रंगाची डबी उघडली. बारीक ब्रश डाव्या हाताने उचलला. मग उजवा हात खिशातून बाहेर काढला आणि ब्रश त्याच्यात दिला. बोटं ब्रशाभोवती पूर्ण मिटली नाहीत. ब्रश हलायला लागला. दादाने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. तरी ब्रश हलतच राहिला. एक थेंब जमिनीवर पडला.

धाकट्याने टाकीकडे पाहिलं.

“रेघ?” त्याने विचारलं.

“तुझ्या वहिनीने ओढली. मी नुसता मागे उभा राहून, ‘श्वास सोड, आता ओढ’ म्हणत होतो. दोनदा पुसावी लागली. तिसऱ्यांदा जमली.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“‘बघू’ म्हणतात. ‘बघू’ म्हणजे काय ते कळतं माणसाला.”

“मला सांगितलं नाहीस.”

“कधी सांगणार? तू टाकीचं झाकण उघडं टाकून टेकडी चढत होतास.”

दादाने ब्रश त्याच्यापुढे धरला. “तूच लाव. लवकर, रंग वाळतोय.”

धाकट्याने ब्रश घेतला. हातातला पाना जसा असतो तसा मुठीत घट्ट धरला, आणि ठिपका लावला.

“अरे, ठिपका लाव म्हटलं,” दादा म्हणाला. “हा बटाटा झाला.”

धाकट्याला त्या हाताचं वाईट वाटत होतं. आणि त्याच वेळी, जिला तो आठवडाभर मनात शिव्या देत होता ती रेघ दादाची नव्हतीच, म्हणून फसवल्यासारखंही वाटत होतं. कोणतं मोठं ते त्याला ठरवता आलं नाही. त्याने झाकण बसवलं.

“मागे बस,” तो म्हणाला.

“दोघांचं वजन?”

“बस तर खरा.”

पायथ्याशी त्याने तिसरा गिअर टाकला. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर त्याने श्वास धरला. गाडीने धरला नाही. तिचा ठोका जाड झाला आणि ती दोघांना घेऊन चढली, जशी बाबा चालवत असताना चढायची. दादाने डाव्या हाताने त्याचा सदरा धरला होता. कुत्रं आडवं आलेल्या जागी ती पकड घट्ट झाली, मग पुन्हा सैल झाली.

पंपघरावरचा माणूस खुर्ची टाकून उन्हात बसला होता. तो उठून जवळ आला.

“वा! काय रेघ आहे दादा! हात म्हणजे हात आहे तुमचा.”

दादा बोलायला तोंड उघडत होता. धाकट्याने त्याच्या आधी म्हटलं, “आहेच.”

माणूस टाकीतलं आपलं तोंड बघत बसला. दोघे नळाकडे गेले. नळ घट्ट होता, धाकट्याने सोडला. दादाने डाव्या ओंजळीत पाणी घेतलं. एका हाताची ओंजळ, अर्धं पाणी बाहीतच गेलं.

“त्या दिवशी बाबांनी तुलाच का बोलावलं?” धाकट्याने विचारलं. पन्नास वर्षांच्या माणसाने हे विचारू नये, हे त्याला कळत होतं.

“बोलावलं नव्हतं खास. मी तिथेच होतो. मला पाना हवा होता. मी म्हणत होतो, मला चाक बसवू द्या. तेव्हा मला इंजिनाचंच वेड होतं.” दादाने तोंडावरून हात फिरवला. “तू आईच्या कडेवर होतास. पाना दिसला की रडायचास. बाबांनी पाना तुझ्या हातात दिला, तू गप्प झालास. मग मी हिरमुसलो म्हणून त्यांनी मला ब्रश दिला. तेव्हापासून तुझ्याकडे पाने, माझ्याकडे ब्रश.”

“तू कधी बोलला नाहीस.”

“पेटी तुला मिळाली त्या दिवशी बोलणार होतो. बाबांनी मला नुसती गाडी दिली. तिचं मी काय करणार होतो? बंद पडली तर तुलाच हाक मारायची. पेटी घेऊन तू बाहेर गेलास, तेव्हा मी खिडकीतून बघत होतो. वाटलं, हा बघ, चालला सगळं घेऊन.”

धाकट्याने नळ बंद केला. मग पुन्हा सोडला आणि डोकंच खाली धरलं.

ते खाली आले तेव्हा फर्निचरवाला गल्लीच्या तोंडाशी उभा होता. मोजपट्टी घेऊन आला होता, काचेच्या खोक्याचं माप घ्यायला.

“चढली का?” त्याने विचारलं.

त्याने एकाचं तोंड पाहिलं, मग दुसऱ्याचं. दोन्ही ओली होती. त्याने मोजपट्टी गुंडाळून खिशात टाकली.

शेडच्या दारात वहिनी उभी होती. दादाने गाडीची किल्ली काढली, आत गेला आणि ती पान्यांच्या पेटीवर ठेवून आला. धाकटा टाकीपाशी वाकला. पहिल्यांदाच ती रेघ त्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट पाहिली.

“वहिनी,” तो म्हणाला, “डावीकडे गुडघ्यापाशी जरा वाकडी गेलीय.”

“गेलीच आहे. हात हलला तिथे,” वहिनी म्हणाली. “पण भावजी, आठवडाभर तर तुम्ही या टाकीला नाक लावून बसला होतात. तेव्हा नाही दिसली?”

“तेव्हा बघवत नव्हतं,” धाकटा म्हणाला.